गुलमंडीच्या गल्लीत ट्रॅक्टर का आला

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझं कापडाचं दुकान आहे. माझं नाव बद्रीनाथ. वय साठीच्या पुढं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझ्या लग्नाची गोष्ट निघणार आहे आणि ती खोटी आहे.

खरी गोष्ट रत्नमालाबाईंची. माझ्या दुकानासमोर जिन्याखाली त्यांचं फॉल-पिकोचं आणि ब्लाऊजचं दुकान. दोन मशिनी, एक इस्त्रीचा टेबल आणि मापं घ्यायला कोपऱ्यात एक फुलाफुलांचा पडदा, एवढाच पसारा. बाईंचं माहेर बिडकीनकडचं. वडील बाबासाहेबांना मानणारे, मुलीला दहावीपर्यंत शिकवल्याशिवाय लग्नाचं नाव काढू दिलं नाही असा माणूस. नवरा राजेंद्र एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, मुलगा सम्यक बिडकीनच्याच बाजूला एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. बाई बोलायला मोकळ्या, पण दुसऱ्याबद्दल अक्षर काढणार नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक बाईची कंबर त्यांना माहीत आहे, आणि ती त्यांनी दुसरीला सांगितल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. सगळं घडलं ते त्यांच्या या स्वभावामुळं.

सुरुवात सर्जेरावांपासून झाली. सर्जेराव हर्सूलच्या जेलमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांच्या डोक्यावर टोपी होती, त्यामुळं टोपीखाली काय उरलंय ते निवृत्तीनंतरच उघडं पडलं. एका दुपारी त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर केसांचे टोप बघितले. नुसते बघितले, एकही घेतला नाही. पण त्यांचा मोबाईल, मुलाचा लॅपटॉप आणि हॉलमधला टीव्ही पोरानं एकाच खात्याला जोडून ठेवलेले. संध्याकाळी सगळं घर मालिका बघायला बसलं, तर मध्येच टीव्हीवर एक माणूस आला, त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं की लोक तुम्हाला वयापेक्षा म्हातारं समजतात का. मालिका पुढं सरकली की परत तोच माणूस. जेवताना सुनेनं वरण वाढलं, ते सर्जेरावांच्या डोक्याकडं न बघता वाढलं, आणि त्या न बघण्यावरूनच त्यांनी ओळखलं की घराला समजलंय.

दुसऱ्या दिवशी ते बायकोचा ब्लाऊज न्यायला आले आणि बराच वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, तुमचा मोबाईल जरा देता का? माझ्यावर बघितलं की घरभर कळतंय."

रत्नमालाबाईंनी काय बघायचंय ते विचारलं नाही. मोबाईल दिला आणि म्हणाल्या, "पडद्यामागं बसा. झालं की आवाज द्या."

हे मी लिहू शकतो, कारण सर्जेराव आता स्वतःच सगळ्यांना सांगतात. बाकी कुणाचं नाव मी घेणार नाही.

सर्जेरावांनी ही सोय दोन मित्रांना सांगितली, त्या दोघांनी आणखी कुणाला, आणि दिवाळीपर्यंत सगळ्या भागाला माहीत झालं, की घरच्यांच्या नजरेआड काही बघायचं असेल तर जिन्याखाली जावं. प्रत्येकाच्या घरी हेच रडगाणं होतं. एकानं गुपचूप दुखण्याचं औषध शोधलं, तर पोराच्या अभ्यासाच्या व्हिडिओआधी मूळव्याधीची जाहिरात लागली. एकीनं नोकरी शोधली, तर सासूच्या मोबाईलवर मुलाखतीला काय घालावं ते यायला लागलं. सासू कोड्यात पडली, की मला या वयात कोण नोकरीला बोलावतंय.

आता रिकाम्या हातानं दुकानात शिरलं तर लोक विचारतील. म्हणून प्रत्येक जण काहीतरी काम घेऊन यायचा. बायकांनी ज्या साड्यांना फॉल होता त्यांचा फॉल काढून परत लावून घेतला. पुरुषांची पंचाईत झाली. एकानं लुंगीला पिको करून नेला. अत्तराच्या दुकानातले चाचा हातरुमाल घेऊन आले, तो बाईंच्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आपा, किसी को बोलना नक्को." बाईंनी रुमालाला चारी बाजूंनी पिको करून दिला. पडद्यामागं एक स्टूल होतं, तिथं बाईंनी उशी ठेवली. गर्दी वाढली तेव्हा बाहेर बाकडं टाकलं. बाकड्यावर बसलेले लोक एकमेकांना ओळखत असले तरी ओळख दाखवत नसत, दवाखान्यात बसतात तसे.

बाईंचा नियम एकच होता, मोबाईल परत घेतला की त्या स्क्रीनकडं बघायच्या नाहीत. पण मोबाईल त्यांच्याकडं बघत होता. इतक्या माणसांनी इतकं काही शोधलं, ते सगळं त्यानं एकट्या रत्नमालाबाईंच्या नावावर जमा केलं. त्याच्या हिशेबानं बाईंना टक्कल पडलेलं होतं, जुळं होणार होतं, गुडघे दुखत होते, दुबईत क्लार्कची नोकरी पाहिजे होती, घरातल्या जर्मन कुत्र्याला भूक लागत नव्हती आणि नवऱ्यापासून घटस्फोट हवा होता, पहिला सल्ला मोफत. बाई बातम्या वाचायला गेल्या की बातमीच्या वर पाळणा, मधे वकील आणि खाली कुत्र्याचं बिस्कीट. बाईंना वाटलं मोबाईल जुना झाला की असं होत असेल.

शेजारी गोजरबाईचं बांगड्यांचं दुकान. गोजरबाईला मात्र यातलं मर्म लवकर कळलं. ती वेळ बघायला म्हणून बाईंचा मोबाईल हातात घ्यायची आणि जाहिराती वाचायची. कोण पडद्यामागं जाऊन आलं आणि त्यानंतर कोणती जाहिरात आली, याची सांगड घालून ती पंचांग सांगावं तसं गल्लीचं भविष्य सांगायला लागली. अमक्याच्या घरी पाळणा हलणार, तमक्याचं दुकान विकायला निघणार. लोक हसायचे, पण ऐकायचे.

एकदा मीही पडद्यामागं गेलो. माझ्या गुडघ्यांचं मला बघायचं होतं. माझं खातं पुण्याच्या पोराच्या खात्याला जोडलेलं, त्याला कळलं असतं तर त्यानं मला तिकडं नेऊन बसवलं असतं, म्हणून माझ्या मोबाईलवर बघत नव्हतो. पाच-दहा मिनिटांत बाहेर आलो. त्यानंतर गोजरबाईनं मोबाईल बघितला, तर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात आणि तिच्या खालीच वरातीची सजवलेली घोडी, भाड्यानं मिळेल. तिनं दोन्ही जोडलं. बद्रीनाथ गुडघे नीट करून घोडीवर चढणार. संध्याकाळपर्यंत मला तीन गिऱ्हाइकांनी हसत हसत विचारलं, की शालू आता घरच्याच दुकानातून काढणार का. मला काही कळेना. मग पुण्याहून पोराचा फोन आला. तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, "बाबा, आमची हरकत नाय. फक्त आधी आम्हाला सांगायचं होतं."

ती घोडी कुणी शोधली होती, ते अजून कळलेलं नाही. कोणत्या जाहिरातीखाली कुणाचं नाव आहे ते मोबाईललाही ठाऊक नसतं आणि गोजरबाईलाही, पण दोघं सांगतात मात्र ठामपणे.

माझ्यापेक्षा वाईट अवस्था राजेंद्रची झाली. त्याच्या मोबाईलची काच फुटली होती, म्हणून तो क्रिकेटचा स्कोअर बायकोच्या मोबाईलवर बघायला लागला. पहिल्याच दिवशी स्कोअरच्या वर त्याला वकिलाचा फोटो दिसला आणि खाली मजकूर, की घुसमट सहन करू नका. राजेंद्रनं पान खाली सरकवलं तर दुबई. आणखी खाली टकलावरचा उपाय. राजेंद्रला टक्कल आहे. त्यानं मला नंतर सांगितलं, की तेव्हा त्याला स्कोअर दिसेनासाच झाला.

भांडण करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं चांगलं वागायला सुरुवात केली. सकाळी उठून भांडी घासायला लागला. घरात टोपी घालून बसायला लागला, झोपतानासुद्धा. बाईंना आवडतो म्हणून शहागंजातून मोगऱ्याचा गजरा आणला. बाईंनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. तो इतकंच म्हणाला, की माझं काही चुकत असेल तर सांगत जा. बाईंना वाटलं, रिटायर झालेल्या माणसाला होतं असं, सम्यकला विचारून डॉक्टरला दाखवू.

हे असंच चालू राहिलं असतं. पण हिवाळ्यातल्या एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी धडधड ऐकू आली आणि एक नवा कोरा लाल ट्रॅक्टर आत शिरला. बागायतीतला बुटका ट्रॅक्टर होता, तरी गल्ली तेवढी रुंद नाही. पुढं बॉनेटवर झेंडूची माळ, ट्रॅक्टरवर गळ्यात टाय बांधलेला एक पोरगेला एजंट आणि ड्रायव्हर. गोजरबाईच्या शोकेसपाशी येऊन तो अडकला. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. मागं स्कूटरी, हातगाडी आणि साड्यांचे गठ्ठे वाहणारे हमाल येऊन थांबले. एजंटनं उतरून विचारलं, "रत्नमाला मॅडम कोण?"

सगळी गल्ली जिन्याकडं बघायला लागली. बाई हातातलं कात्रीचं काम टाकून बाहेर आल्या. एजंट अदबीनं म्हणाला, की तुमच्या मोबाईलवरून तुम्ही डेमो मागवला होता, नंबर दिला होता, दुकानाचा पत्ता दिला होता, आम्ही दोनदा फोनही केला.

फोन आले होते खरे. बाईंनी ते कुत्र्याच्या बिस्किटवाल्यांचे समजून कापले होते.

बाकड्यावर तेव्हा दोघं-तिघं बसलेले. त्यातल्या एकाच्या तोंडाचा रंग पार उडाला होता. मांडीवर साडीची पिशवी, ती त्यानं दोन्ही हातांनी धरलेली. मला माझ्या दुकानातून तो दिसत होता आणि बाईंनाही दिसला. त्याचा थोरला भाऊ चार दुकानं पलीकडं उभा होता, शेती दोघांची एकत्र. यापुढचं मी सांगत नाही. बाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"व्हय, मीच मागवला," त्या म्हणाल्या.

एजंटला धीर आला. शेती कुठं आहे, किती आहे, पाणी कसं आहे, तो विचारायला लागला. बाई म्हणाल्या, की बिडकीनकडं वडलांची होती. हे खोटं नव्हतं, ती त्यांच्या लहानपणीच गेली होती, इतकंच. मग एजंटनं बसून बघा म्हटलं. बाईंनी पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि चढल्या. सीटवर बसून त्यांनी स्टेअरिंग धरलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना मशीनवर वाकलेलं बघितलं होतं, इतकं ताठ बसलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सगळ्या गल्लीवरून नजर फिरवली. घाई अजिबात नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "हा मागं जातो का?"

"जातो की मॅडम. मागं जायला वेगळा गिअर आहे."

"मग घ्या मागं," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

मागं घ्यायला बराच वेळ लागला. आम्ही गोजरबाईची शोकेस उचलून आत ठेवली, हमालांनी दिशा सांगितल्या, प्रत्येकानं वेगळी. राजेंद्र त्याआधीच ज्वारीचं पीठ घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. त्यानं बायकोला ट्रॅक्टरवरून उतरताना बघितलं होतं. पिठाचा डबा त्यानं तिथंच खाली ठेवला. त्याच्या मनात सगळं जुळलं होतं. वकील, दुबई आणि आता ट्रॅक्टर. त्याला वाटलं, दुबईचं जमलं नाही म्हणून बाई माहेराकडं शेती करायला निघाल्या.

संध्याकाळी दुकान बंद करून दोघं घरी गेले. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं. राजेंद्रनं चहा केला, पुढं ठेवला आणि विचारलं, की कधी जाणार. बाई म्हणाल्या, कुठं. तो म्हणाला, वेगळं. मग त्यानं एकेक करून सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांना हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती, कारण समोरचा माणूस रडायला आला होता.

"ते माझं नाय," त्या म्हणाल्या. "कुणाचं ते मला ठाऊक नाय, आणि ठाऊक असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं."

राजेंद्रनं थोडा विचार केला. पंचवीस-तीस वर्षांचा संसार होता, बायको कोणत्या गोष्टीवर खोटं बोलत नाही ते त्याला माहीत होतं. त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली. भांडी मात्र त्या दिवशीही त्यानंच घासली, सवय लागली होती.

सम्यक कामावरून आल्यावर बाईंनी मोबाईल त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, की हा माझं सगळं लिहून कुठं ठेवतोय. सम्यकनं ब्राउझर उघडला. आत कितीतरी पानं उघडीच पडलेली, ती त्यानं न वाचता मिटवली, म्हणजे निदान तसं तो सांगतो. मग त्यानं समजावलं. आपण कोणत्याही साइटवर गेलो की ती आपल्या मोबाईलवर एक खूण करून ठेवते, तिला कुकी म्हणतात. आई मापाच्या वेळी कापडावर खडूची रेघ मारते, तशी. ज्याची खूण त्यानंच वाचली तर ठीक. पण त्याच पानावर जाहिरातवाले बसलेले असतात, तेही आपली खूण करतात. मग आपण दुसऱ्या पानावर गेलो की तिथंही तेच जाहिरातवाले बसलेले, खूण बघून ओळखतात, की ही तीच बाई, मघाशी पाळणा बघत होती.

बाई म्हणाल्या, "मग खडू झटकून टाक."

त्यानं साठलेल्या कुकी पुसल्या. बाहेरच्यांच्या कुकी अडवायचं बटण चालू केलं. मोबाईलला जाहिरातींसाठी दिलेला ओळखनंबर काढून टाकला, नको त्या अॅपांची लोकेशनची परवानगी बंद केली, जाहिरातवाल्यांना वाटेतच रोखणारा एक ब्राउझर टाकला. आणि खाजगी खिडकी दाखवली, जी मिटली की मोबाईलवर मागं काही राहत नाही.

बाईंनी विचारलं, की मग या खिडकीतून बघितलं तर कुणालाच दिसत नाही का. सम्यक म्हणाला, तसं नाही. मोबाईलवर राहत नाही, म्हणजे घरच्यांना दिसत नाही. पण ज्या साइटवर गेलो तिला आपण आल्याचं दिसतं, आणि ज्याचं नेट वापरतो त्यालाही कुठं गेलो ते कळू शकतं. खिडकीतून कुठं नाव घालून आत शिरलं, तर मग लपायचा प्रश्नच उरत नाही.

"आणि कुणी माझा नंबर लिहून दिला तर?"

"तो पुसता येत नाय, आई."

"म्हणजे ती शिलाई झाली," बाई म्हणाल्या. "उसवत बसायची."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पडद्याबाहेर एकच गोष्ट तोंडी सांगायला सुरुवात केली: खाजगी खिडकीतच बघायचं आणि कुठंही नंबर द्यायचा नाही, स्वतःचा नाही आणि माझा तर मुळीच नाही. नवीन ब्लाऊज देताना पहिल्या धुण्यात जरा आक्रसेल हे त्या ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात हेही सांगायच्या की घरच्यांपासून लपेल, सगळ्या जगापासून लपणार नाही. ज्यांना शिकायचं होतं त्यांना त्यांच्याच मोबाईलवर हे सगळं करून दिलं. साडीची पिशवी धरून बसलेला तो माणूस सगळ्यात आधी शिकला.

बाईंच्या मोबाईलवर जाहिराती अजूनही येतात, पण कुणालाही याव्यात तशा, गोडेतेल, बनियन, कर्ज. गोजरबाईनं तो दोन-तीनदा हातात घेऊन बघितला आणि त्यात आता काही राम राहिला नाही म्हणून परत ठेवला. तिचं भविष्य बंद पडलं. अत्तरवाले चाचा थोडे नाराज झाले, त्यांना जी वस्तू पाहिजे होती तिची जाहिरात आपोआप येत होती, ती आता शोधावी लागते. सर्जेरावांनी शेवटी केसांचा टोप घेतला, उघडपणे, आणि तो घालून ते माझ्या दुकानात बसतात. वारा सुटला की एका हातानं धरतात. माझ्या पोराची मी समजूत काढली, पण सुनेचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. फोनवर ती माझ्या गुडघ्यांची चौकशी जरा जास्तच काळजीनं करते.

बाकडं हळूहळू रिकामं झालं. लोक घरीच बघायला शिकले आणि साड्यांचे फॉल एकदा लावले की लावलेले राहायला लागले. एक दिवस दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मी बघितलं की रत्नमालाबाई स्वतः मोबाईल घेऊन पडद्यामागं गेल्या. आजवर त्या स्टुलावर त्या कधी बसल्या नव्हत्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि मशीनवर बसल्या.

काय बघितलं ते त्यांनी आपणहून सांगितलं, महिन्याभरानं. पन्नाशी उलटलेल्या बाईला पोहायला शिकता येतं का, ते त्यांना बघायचं होतं. लहानपणी गावात विहिरीवर पोरं उड्या मारायची आणि त्या काठावर बसून धाकट्या भावांचे कपडे सांभाळायच्या. शिकता येतं, असं त्यांना कळलं. मग राजेंद्रला स्कूटर काढायला लावली आणि बायकांसाठी सकाळची वेळ असलेल्या एका पोहण्याच्या तलावावर दोघं गेले.

तिथल्या खिडकीवरच्या माणसानं नाव विचारलं, ते त्यांनी सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. मग त्यानं मोबाईल नंबर, ईमेल आणि पूर्ण जन्मतारीख विचारली.

"पोहायला जन्मतारीख कशाला लागती?" बाईंनी विचारलं.

त्या माणसाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, की लागत नाही, पण घेतात. बाई म्हणाल्या, मग नका घेऊ. त्यानं घेतली नाही. राजेंद्र बाहेर कठड्यावर कपड्यांची पिशवी सांभाळत बसला, आणि बाई शिकवणाऱ्या बाईचा हात धरून उथळ पाण्यात उतरल्या.